सड्यांच्या पोटातील गुहा आधी मोजा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला मसाई पठारापासून आंबा, राधानगरी, आजरा, चंदगडपर्यंत जे जांभ्याचे सडे, म्हणजे तांबूस सच्छिद्र खडकाची सपाट पठारे, पसरलेले आहेत, त्यांवर सुट्टीच्या दिवशी तरुणांची वर्दळ अलीकडे बरीच वाढली आहे. मुले डोंगरात जातात याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या सड्यांच्या कडांना ज्या नैसर्गिक गुहा आणि कपारी आहेत, त्यांत मोबाइलच्या उजेडावर शिरायचे, आतल्या भिंतीपर्यंत पोचल्याची चित्रफीत काढायची आणि ‘हे भुयार थेट गडावर निघते’ असे सांगत ती सगळीकडे पाठवायची, हा प्रकार पाहून काळजी वाटते. मी चौतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला आणि तेवढीच वर्षे या सड्यांवर हिंडलो. या गुहांचा एकत्रित, मोजमापांसह केलेला नकाशा माझ्या पाहण्यात एकदाही आला नाही. तो तयार व्हावा आणि गर्दी, सिमेंट किंवा खाण आत पोचण्याच्या आधी व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सुरुवातीला शब्दांची थोडी उकल करतो, कारण गोंधळ तेथूनच सुरू होतो. माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरले ते लेणे. ज्योतिबाच्या डोंगराजवळची पोहाळ्याची लेणी किंवा मसाई पठाराच्या कुशीतला पांडवदरा ही अशी कोरीव कामे आहेत. माणसाने जाण्यायेण्यासाठी खोदले ते भुयार. आणि पाण्याने, वाऱ्याने किंवा लाव्ह्याने माणसाची वाट न पाहता जी पोकळी केली ती गुहा. तिलाच आपल्याकडे आकार पाहून घळ, कपार, विवर अशी वेगवेगळी नावे आहेत. आपल्या भाषेत हा भेद इतका स्पष्ट असताना आपण प्रत्येक पोकळीला भुयार म्हणू लागलो, आणि तिचे दुसरे टोक शोधण्याच्या नादात ती मुळात झाली कशी, हा प्रश्न विचारायचे राहून गेले.

खोल गुहा म्हटले की जगभर चुनखडीचे डोंगर आठवतात आणि ते योग्यच आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, चुनखडीच्या भेगांत उतरते आणि तिला विरघळवत खाली जाते. हे काम हजारो-लाखो वर्षे चालले की केसाएवढ्या भेगेचा बोगदा होतो आणि बोगद्यांची विहीर होते. काळ्या समुद्राकाठच्या अबखाझियात अराबिका नावाचा असा एक चुनखडीचा पर्वत आहे. तेथील व्हेरोव्किना या गुहेत शोधक २०१८ साली २,२०० मीटरांहून अधिक खोल उतरले, आणि माणसाला माहीत असलेली ही सर्वांत खोल गुहा ठरली. आपल्याकडे सह्याद्रीतले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या खोलीची कल्पना येईल. फ्रान्समधल्या गूफ्र बर्जे गुहेत १९५६ साली माणूस प्रथमच हजार मीटरांच्या खाली उतरला होता. दुसरा हजार मीटरांचा टप्पा ओलांडायला पुढे जवळजवळ अर्धे शतक लागले. दोर, शिड्या, जमिनीखालचे मुक्काम, पाण्याने भरलेले बोगदे आणि दरवेळी थोडा थोडा पुढे सरकणारा नकाशा, असे हे काम असते. ते एकट्याचे कधीच नसते.

मी स्वतः पाहिलेली चुनखडीची पहिली गुहा बस्तरमधली कुटुमसरची. जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यातली ही गुहा १९५०च्या दशकात प्रा. शंकर तिवारी यांच्या अभ्यासामुळे प्रकाशात आली. पावसाळ्यात ती पाण्यामुळे बंद असते, म्हणून आम्ही चार शिक्षक हिवाळ्यात गेलो होतो. तोंड इतके अरुंद की अंग चोरून उतरावे लागले आणि बाहेर थंडी असताना आत गेल्यावर अंगातले स्वेटर काढावे लागले, कारण आतले तापमान वर्षभर २८ अंशांच्या आसपास राहते. छतावरून अधोमुखी लवणस्तंभ उतरलेले, जमिनीवरून ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ वर आलेले, काही ठिकाणी दोन्ही एकमेकांना भेटून खांब झालेले. वर्गात फळ्यावर मी ही आकृती कितीतरी वेळा काढली होती. पण वाटाड्याने क्षणभर दिवा झाकला आणि त्या अंधारात एक थेंब टपकल्याचा आवाज आला, तेव्हा मला कळले की आकृतीत आपण काळ दाखवूच शकत नाही. असा स्तंभ वर्षाला मिलिमीटरच्या एखाद्या अंशाने वाढतो. कंबरेएवढा स्तंभ मोडायला एक लाथ पुरते आणि तो पुन्हा घडायला आपल्या लिखित इतिहासाहून मोठा काळ लागू शकतो. तेथील डबक्यांत वाटाड्याने आम्हाला डोळे क्षीण झालेले, रंग उडालेले छोटे मासे दाखवले. पुढे वाचनात आले की या माशांचे जवळचे आप्त म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत दगडांखाली राहणारे मुरे. ज्या जातीशी त्यांचे नाते जोडले गेले, तिचे पहिले शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस डे यांनी पुण्याच्या माशांवरूनच १८७२ साली केले होते.

लवणस्तंभ हे पावसाचे दप्तरही असते. मेघालयात चेरापुंजीजवळ मावम्लुह नावाची गुहा आहे. तेथील एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभाच्या थरांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस क्षीण झाल्याचे दिसले, आणि २०१८ साली आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय संघटनेने त्या क्षणापासून आजपर्यंतच्या काळाला ‘मेघालयन’ हे अधिकृत नाव दिले. म्हणजे आज आपण भूशास्त्राच्या ज्या काळात राहतो, त्याचा आरंभ भारतातल्या एका गुहेतल्या दगडावरून ठरवला गेला आहे. ही गोष्ट आपल्या शाळांतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवी, असे मला फार वाटते. मेघालयात १९९०च्या दशकापासून स्थानिक आणि परदेशी गुहाशोधकांनी मिळून दरवर्षी मोहिमा काढल्या आणि शेकडो किलोमीटर गुहा मोजून कागदावर आणल्या. खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात. त्यांतली क्रेम पुरी ही गुहा चुनखडीत नसून वालुकाश्मात आहे आणि तिची लांबी २४ किलोमीटरांहून अधिक भरली. गुहा फक्त चुनखडीतच असतात असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे.

आता आपल्या मातीकडे येतो. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा, म्हणजे बेसाल्टचा, काळ्या पाषाणाचा आहे. हा खडक पाण्यात चुनखडीसारखा विरघळत नाही. ताज्या लाव्ह्यात गुहा होतात, त्याही मोठ्या होतात. प्रवाहाचा पृष्ठभाग गोठतो, आतला तप्त रस पुढे निघून जातो आणि मागे नळी उरते. हवाई बेटावरची काझुमुरा ही अशी लाव्हानलिका ६५ किलोमीटर लांब आहे आणि तिच्या वरच्या व खालच्या टोकांत सुमारे १,१०० मीटरांचा फरक आहे. पण ती काही शतकांपूर्वीची आहे. आपल्या खडकावर पुढचे लाव्ह्याचे थर साचले, त्यांचे वजन आले, मग कोट्यवधी वर्षांचा पाऊस आला. त्यामुळे सह्याद्रीत खोल गुहा नसणार, असे आम्ही विद्यार्थी असताना मानत होतो आणि दुर्दैवाने मी स्वतः कित्येक वर्षे वर्गात तसेच सांगितले. मी विसरत होतो ते बेसाल्टच्या डोक्यावरचे पांघरूण, म्हणजे आपला जांभा.

बेसाल्टवर उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांचा दीर्घकाळ मारा झाला की त्यातली विद्राव्य द्रव्ये धुऊन जातात आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरून जांभा तयार होतो. या खडकाला ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली केरळमधल्या अंगाडीपुरम येथील खडकावरून दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विटेशी निगडित आहे, आणि ज्यांनी जांभ्याचे चिरे कापताना पाहिले आहेत त्यांना तो चटकन पटेल. पण चिरा हा वरचा कठीण भाग झाला. त्याच्या खाली, मूळ बेसाल्टच्या आधी, शाडूसारखी पांढुरकी-पिवळी चिकट माती असते. वरचा जांभा चाळणीसारखा सच्छिद्र, खालची माती पाणी सहजी न सोडणारी. सड्यावर पडलेला पाऊस उभ्या नळ्यांतून खाली उतरतो, मातीपाशी अडतो, आडवा वाट शोधतो आणि जाताना मातीचे कण उचलून नेतो. आधी बोटभर, मग हातभर पोकळी होते. मग तिच्या माथ्यावरचा जांभा कोसळतो, पडलेला राडारोडा पुन्हा पाणी वाहून नेते, आणि सड्याच्या कडेला एक तोंड उघडते. चुनखडीतली गुहा पाण्याने विरघळवून केलेली असते, तर जांभ्यातली मुख्यतः धुऊन काढलेली. म्हणूनच आपल्याकडे अशा गुहेच्या तोंडाशी बहुधा झरा असतो, झऱ्यापाशी देव असतो आणि देवाच्या खालच्या अंगाला वाडी असते.

हे मला पुस्तकातून समजले नाही. १९८६च्या मे महिन्यात, जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका सड्यावर (जागेचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही) एका धनगर आजोबांनी मला आणि माझ्या दोन विद्यार्थ्यांना पाकोळ्यांची घळ दाखवली. पाकोळ्या म्हणजे त्यांच्या बोलीत लहान वटवाघळे. तोंड गुडघ्याएवढे उंच होते. आम्ही पोटावर सरपटत आत गेलो आणि दहा-बारा हातांवर उभे राहता येईल एवढी जागा लागली. मोजपट्टी नव्हती, म्हणून आजोबांनी बैलाचा कासरा दिला होता, त्याला हात-हातावर गाठी मारल्या होत्या. त्या गाठी मोजत आम्ही सव्वाशे हात आत गेलो. पुढे पाणी मांडीपर्यंत आले आणि आजोबांनी बाहेरून हाक मारून परत बोलावले, त्यांचे ऐकून आम्ही मागे फिरलो. पायाखाली ती पांढुरकी माती होती, डोक्यावर छिद्राछिद्रांचा तांबूस जांभा होता आणि मे महिन्याच्या त्या कडाक्यात छतातून पाणी ठिबकत होते. वाडीला उन्हाळ्यात पाणी कोठून येते, याचे उत्तर आम्ही डोक्यावर झेलत होतो. अंधारात शेकडो पाकोळ्यांची कुजबुज चालली होती. त्या वेळी आम्ही दिवा खाली धरला, कारण आजोबांनी तशी ताकीदच दिली होती.

गेल्या मार्चमध्ये मी त्याच घळीपाशी पुन्हा गेलो. तोंडाशी पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या, आतल्या भिंतीवर तैलरंगाने लिहिलेली नावे होती आणि छत मशालीच्या काजळीने काळे झाले होते. पाकोळ्या मला एकही दिसली नाही. एका भेटीवरून त्या कायमच्या गेल्या असे मी म्हणणार नाही, परंतु पिल्ले वाढवण्याच्या दिवसांत धूर आणि प्रखर उजेड सहन करून वटवाघळे एका जागी राहत नाहीत. ती रात्री उसाच्या फडांवरचे आणि भातखाचरांवरचे किडे खातात, हे शेतकरी बांधवांना वेगळे सांगायला नको. आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेत राऊटनचे वटवाघूळ राहते. १९१३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि त्यानंतर कित्येक दशके जगात तेवढी एकच वसाहत ठाऊक होती. एक गुहा बिघडली असती तर एक संपूर्ण जात आपल्या माहितीतून पुसली गेली असती.

आणि शोध संपलेले नाहीत. हिरण्यकेशी नदी आंबोलीला एका गुहेतून बाहेर पडते, आजरा-गडहिंग्लजची शेती भिजवते आणि पुढे घटप्रभेला मिळते. त्या उगमाच्या कुंडात २०२० साली बोटाएवढ्या माशाची एक नवी जात सापडली, तिचे नावच ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ ठेवले गेले, आणि २०२१ साली राज्य सरकारने त्या परिसरातील २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. केरळात तर जांभ्यातल्या विहिरी उपसताना आंधळे मासे वर आल्याची नोंद १९५० सालापासून आहे. जांभ्याच्या पोटात पाण्याने भरलेल्या वाटा दूरवर असल्याचा हा जिवंत पुरावा आहे. आपल्या सड्यांच्या झऱ्यांमध्ये असे काही आहे का, हे पाहण्याची इच्छा कोणाला व्हावी, यासाठी आणखी कशाची गरज आहे?

सर्वेक्षण फार खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे. होकायंत्र, उतार मोजणारे क्लिनोमीटर, टेप किंवा लेसरचे अंतरमापक, आणि प्रत्येक टप्प्यावर आडवा छेद काढणारा एक शांत माणूस, इतके पुरते. त्यातला सर्वांत मोलाचा भाग मात्र पाण्याचा माग हा आहे. अराबिका पर्वतावरच्या गुहांत १९८०च्या दशकात निरुपद्रवी रंग सोडला गेला आणि तो पुढे समुद्रकाठच्या झऱ्यांत उतरला. तो पर्वत एवढा खोल पोकळ असू शकतो, हे त्या रंगाने माणूस तळाशी पोचण्याच्या कितीतरी आधी सांगितले होते. आपल्या सड्यांवरही पाणी मुरणाऱ्या खळग्यात, गावकऱ्यांना पूर्वकल्पना देऊन, असा रंग सोडला तर कोणत्या वाडीचे पाणी सड्याच्या कोणत्या भागातून येते, हे पहिल्यांदाच नेमके कळेल. शिवाजी विद्यापीठाचा भूगोल विभाग, प्राणिशास्त्राचे अभ्यासक, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, आणि कोल्हापुरातल्या अनुभवी गिर्यारोहण संस्था यांनी एकत्र बसून हे काम वाटून घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे. दोर, गाठी आणि शिस्त या तीन गोष्टी आपल्या गिर्यारोहकांकडे आधीपासून आहेत.

तरुण मित्रांना दोन शब्द. थायलंडमधील थाम लुआंग गुहेत २०१८च्या जूनमध्ये बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले, ते पावसाने पाणी चढल्यामुळे. दोन आठवड्यांहून अधिक काळाने ते सर्व सुखरूप बाहेर आले, पण त्या प्रयत्नात एका माजी नौसैनिकाला प्राण गमवावे लागले. तेथील पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञ गेले होते, आणि शेजारच्या किर्लोस्करवाडीचे नाव त्यामुळे जगभर घेतले गेले, याचा अभिमान आपण बाळगतोच. त्याबरोबर त्या घटनेतून एवढेही घ्यावे की पावसाळ्यात पाण्याच्या गुहेत पाऊल टाकू नये. इतर ऋतूंतही तिघांपेक्षा कमी जणांनी जाऊ नये, प्रत्येकाजवळ तीन स्वतंत्र दिवे आणि डोक्यावर हेल्मेट असावे, आणि किती वाजेपर्यंत परतणार हे बाहेरच्या एका जबाबदार माणसाला सांगून ठेवावे. जांभ्याचे छत चुनखडीपेक्षा ठिसूळ असते. दम लागू लागला, डोके जड झाले तर आतली हवा बिघडलेली आहे असे समजून ताबडतोब मागे फिरावे. आणि वटवाघळे दिसली तर कोणतेही चित्रीकरण न करता मागे यावे.

याहून मोठी काळजी सड्यांच्या माथ्याची आहे. आपल्या जिल्ह्यातले सडे बॉक्साइट या ॲल्युमिनियमच्या खनिजासाठी खोदले जातात. त्यातून मिळणारा रोजगार आणि धातू यांची गरज मी नाकारत नाही. परंतु बॉक्साइट आणि झरा हे दोन्ही एकाच जांभ्याच्या थराशी बांधलेले आहेत. खाणीला परवानगी देण्यापूर्वी जो पर्यावरणीय अहवाल होतो, त्यात झाडे आणि प्राणी मोजले जातात, तशाच सड्याखालच्या पोकळ्या आणि त्यांतून निघणारे झरेही मोजणे बंधनकारक करावे. तीच गोष्ट देवस्थान असलेल्या गुहांची. भाविकांच्या सोयीसाठी म्हणून आत फरशी बसवली जाते, भिंतींना सिमेंट लावले जाते, दिवसरात्र दिवे जळतात. श्रद्धेला धक्का लावण्याचा माझा हेतू नाही, मीही अशा गुहेत हात जोडतो. पण जमिनीला फरशी लागली की पाण्याची वाट अडते आणि दिव्यांच्या उजेडावर शेवाळ चढते. फ्रान्समधील लास्को गुहेतली हजारो वर्षांपूर्वीची चित्रे पाहायला १९४८पासून लोक येऊ लागले आणि त्यांच्या श्वासाने व दिव्यांनी चित्रांवर शेवाळ आल्यामुळे १९६३ साली ती गुहा बंद करावी लागली. जैवविविधता कायदा २००२च्या कलम ३७ खाली वारसा स्थळ घोषित करण्याची तरतूद आहे, हिरण्यकेशीचे उदाहरण घरच्याच अंगणातले आहे. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत अशा गुहा आहेत, त्यांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी आपल्या नोंदवहीत निदान ‘गुहा आणि तिचा झरा’ अशी एक नोंद करावी.

हे काम डिसेंबर ते मे या काळातच होऊ शकते. मे महिन्यातली झऱ्यांची धार मोजली गेली तरच आकड्याला अर्थ येतो, म्हणून येत्या दिवाळीनंतर तयारीची पहिली बैठक व्हायला हवी. १९८६ ते २००९ या काळात मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी अशा सतरा घळींची जी मोजमापे केली, त्यांच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत. त्यांत चुका असतील, कारण कासऱ्याच्या गाठींनी मोजलेले अंतर ओल्या दोरात बदलते. पण प्रत्येक घळीची दिशा, तोंडाची उंची आणि त्या दिवशी पाणी होते की नव्हते, हे त्यांत लिहिलेले आहे. ज्या अभ्यासगटाला हे काम हाती घ्यायचे असेल, त्याला या वह्या मी देईन आणि गुडघे साथ देतील तेथपर्यंत वाटही दाखवीन.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, कोल्हापूर